राजाचा हुकूम आला, घोडदळ हललं नाही : झायडलिट्सविषयी

शिळोप्याचा (धागाकर्ता)

बर्लिनच्या उंटर डेन लिंडन रस्त्यावर फ्रेडरिक द ग्रेटचा, म्हणजे प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या अठराव्या शतकातल्या राजाचा, अश्वारूढ पुतळा आहे. राउख नावाच्या शिल्पकाराने केलेला, १८५१ सालचा, साडेतेरा मीटर उंच. माझी घरी जायची शंभर नंबरची बस त्याच्यासमोरून जाते. ट्रॅफिक तुंबला की तोच बघत बसायचं. चौथऱ्यावर सेनापती, मंत्री आणि मुत्सद्द्यांची नुसती जत्रा भरलीय. तत्त्वज्ञ काण्ट आणि नाटककार लेसिंग या दोघांना जागा मिळालीय ती बरोबर घोड्याच्या शेपटीखाली. (हा बर्लिनकरांचा जुना विनोद, माझा नाही.) चार कोपऱ्यांवर मात्र चार जण स्वतःच्या घोड्यांवर आहेत. एक राजाचा भाऊ, एक राजाचा मेव्हणा, तिसरा घोडदळाचा म्हातारा सेनापती झीटन. चौथा फ्रीडरिश विल्हेल्म फॉन झायडलिट्स. हा धागा त्या चौथ्यासाठी.

(उच्चार झायडलिट्स. इंग्रजी पुस्तकं वाचलेले लोक सेडलिट्झ म्हणतील, त्यावरून भांडायला नको.)

जन्म ३ फेब्रुवारी १७२१, कालकार गावी, ऱ्हाईनच्या खालच्या अंगाला, डच सरहद्दीजवळ. बाप प्रशियाच्या घोडदळात अधिकारी. पोरगा सात वर्षांचा असताना तो वारला. नावापुढे 'फॉन' आणि घरात चणचण, ही त्या काळच्या प्रशियन सरदारांची नेहमीची अवस्था. मिसरूड फुटायच्या आत त्याला ओडर नदीकाठच्या श्वेटच्या मार्कग्राफकडे (म्हणजे तिथल्या बड्या सरदाराकडे) हुजऱ्या म्हणून धाडलं. या मार्कग्राफला लोक उघडपणे 'वेडा' म्हणायचे. न शिकवलेल्या घोड्यांवर पोरांना बसवायचं आणि मजा बघायची, असला त्याचा षोक. पवनचक्कीची पाती फिरत असताना त्यांच्यामधून घोडा काढायचा, हा झायडलिट्सचा खेळ तिथलाच म्हणतात. खरं-खोटं घोड्याला ठाऊक. पण मांड पक्की झाली ती तिथे, यात शंका नाही.

१७४० मध्ये तो त्याच मार्कग्राफच्या क्युरासिए रेजिमेंटमध्ये कॉर्नेट, म्हणजे सगळ्यांत खालचा अधिकारी, झाला. क्युरासिए म्हणजे छातीवर लोखंडी पत्रा, सरळ जड तलवार आणि दांडगे घोडे असलेलं भारी घोडदळ. त्याच वर्षी फ्रेडरिक गादीवर आला आणि डिसेंबरात ऑस्ट्रियाच्या सायलेशियात घुसला. १७४२ मध्ये एक गाव मूठभर लोकांनिशी धरून ठेवताना झायडलिट्स कैद झाला. राजाने त्याला अदलाबदलीत सोडवून आणलं आणि एकदम हुसारांत कॅप्टन केलं. हुसार म्हणजे हंगेरियन धर्तीचं चपळ, हलकं घोडदळ. १७४५ मध्ये होहेनफ्रीडबेर्गच्या लढाईत त्याने एक सॅक्सन जनरल पकडला आणि चोविसाव्या वर्षी मेजर झाला. पुढे शांततेच्या दहा वर्षांत आधी ड्रगून (म्हणजे मधल्या वजनाचं घोडदळ) रेजिमेंट, मग ओलाऊ गावची क्युरासिए रेजिमेंट. घोडदळाच्या तिन्ही जातींचं मीठ खाल्लेला माणूस. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सात वर्षांचं युद्ध १७५६ ला सुरू झालं : एका बाजूला प्रशिया आणि ब्रिटन, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि रशिया. १८ जून १७५७ ला कोलीन इथे फ्रेडरिकने सपाटून मार खाल्ला, पण झायडलिट्सने हल्ला चढवून ऑस्ट्रियनांचा रेटा काही काळ थोपवला. दोन दिवसांनी तो मेजर जनरल झाला. अभिनंदन करायला आलेल्या झीटनला म्हणाला म्हणे, "माझ्याकडून आणखी काही करून घ्यायचं असेल तर वेळ झालीच होती, मी छत्तीसचा झालोय!" नम्रपणा हा त्याचा प्रांत नव्हता.

सप्टेंबरात गोथा. तिथल्या ड्यूकच्या वाड्यात फ्रेंच सेनापती सुबीज आपल्या लवाजम्यासह जेवायला बसत होता, बरोबर आठ-दहा हजार फौज. झायडलिट्सकडे दीडेक हजार ड्रगून आणि हुसार. त्याने काय करावं? रांग पातळ करून लांबच्या लांब ताणली, म्हणजे दुरून मोठं सैन्य वाटावं. शिवाय एक शिपाई 'फितूर' म्हणून पुढे पाठवला : राजा सगळी फौज घेऊन मागोमाग येतोय. फ्रेंच ताटावरून उठले आणि गाव सोडून गेले. हाती लागलेल्या कैद्यांत शिपाई थोडे आणि हुजरे, आचारी, न्हावी, नट्या जास्त. सामानात अत्तराच्या पेट्या, झगे आणि पोपट. प्रशियनांनी तो सगळा संसार परत पाठवून दिला.

आणि मग ५ नोव्हेंबर १७५७, रोसबाख. फ्रेडरिककडे २२,००० माणसं; समोर फ्रेंच आणि जर्मन साम्राज्याची फौज मिळून ४१,०००. दुपारी राजा गावातल्या वाड्यात जेवत होता. गाउडी नावाचा कॅप्टन माळ्यावरून टेहळणी करत होता. त्याने शत्रू वळसा घालून डाव्या बगलेवर येताना पाहिला आणि धावत खाली आला. राजाने आधी त्यालाच झापलं. मग स्वतः पाहिलं. अडीचच्या सुमारास हुकूम सुटला आणि बघता बघता तंबू खाली आले. समोरच्यांना वाटलं, पळाले! ते वाजतगाजत पुढे निघाले, घोडदळ पुढे, पायदळ मागे.

सगळं घोडदळ, ३८ स्क्वाड्रन म्हणजे चारेक हजार घोडे, राजाने झायडलिट्सच्या हाती दिलं. दोन जनरल त्याच्याहून ज्येष्ठ. हा त्यांच्यासमोर घोडा नेऊन म्हणाला, "सद्गृहस्थहो, मी राजाचं ऐकतो, आणि तुम्ही माझं ऐकाल."

मधे यानुस टेकडी, म्हणजे जेमतेम एक उंचवटा. पण चार हजार घोडे झाकायला तेवढा पुरला. शत्रू टेकडीच्या एका अंगाने चाललाय, झायडलिट्स दुसऱ्या अंगाने त्याच दिशेने, थोडा पुढे. साडेतीनच्या आसपास त्याने तोंडातला मातीचा पाइप हवेत भिरकावला. हीच इशारत. घोडदळ टेकडीच्या माथ्यावर आलं तेव्हा शत्रूला रांगा लावायला सवड उरली नव्हती. ऑस्ट्रियन क्युरासिएंच्या दोन रेजिमेंटांनी चांगली झुंज दिली, बाकीचे उधळले.

पळणाऱ्यांच्या मागे न लागता त्याने आपले सवार थांबवले. तागेवेर्बेन गावाजवळच्या एका खोलगट जागेत पुन्हा रांगा लावल्या आणि वाट बघत राहिला. टेकडीवरच्या १८ जड तोफा आणि राजाच्या भावाचं पायदळ आपलं काम करत होतं. फ्रेंच पायदळ डळमळलं तसा तो बगलेतून दुसऱ्यांदा घुसला. दीड तासात खेळ आटोपला. प्रशियाच्या पायदळातल्या सातच बटालियन प्रत्यक्ष लढल्या. प्रशियाचे १६९ मेले, ३७९ जखमी. समोरचे दहाएक हजार गेले, त्यातले निम्मे कैदी. झायडलिट्सलाही जखम झाली. त्याच रात्री तो लेफ्टनंट जनरल झाला आणि ब्लॅक ईगल हा प्रशियाचा सर्वोच्च किताब मिळाला.

लोकांना पाइप आठवतो. मला ती खोलगट जागा आठवते.

शीर्षकातला हुकूम झोर्नडोर्फच्या लढाईतला आहे. ते प्रतिसादात टाकतो, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

तिखटमीठ

वा! पोपट परत पाठवले हे वाचून बरं वाटलं. एक बाळबोध शंका : घोडदळाने हल्ला करायचा यात एवढं विशेष ते काय? घोडदळ दुसरं करतं काय?

शिळोप्याचा

बाळबोध नाही, कळीची शंका आहे. फ्रेडरिकला बापाकडून जे घोडदळ मिळालं त्याबद्दल त्याचं मत होतं की ही हत्तींवर बसवलेली धिप्पाड माणसं, ना वळता येत ना लढता येत. १७४१ च्या मोल्विट्सच्या लढाईत ते असं उधळलं की राजालाच रणांगण सोडून जावं लागलं. (पायदळाने मागे लढाई जिंकली, तो भाग वेगळा.) तेव्हा बऱ्याच ठिकाणचं घोडदळ दुडक्या चालीने पुढे यायचं, थांबायचं, पिस्तुलं झाडायचं आणि मग तलवार. फ्रेडरिकने हे मोडीत काढलं. शत्रूचा हल्ला जागेवर उभं राहून झेलणाऱ्या अधिकाऱ्याला बेअब्रू करून नोकरीतून काढू, असा लेखी हुकूम होता. आधी घाला तुम्ही घालायचा, तोही तलवारीने आणि भरधाव. १७४८ मध्ये सरावात ७०० पावलांवरून हल्ला सुरू करायचे, १७५५ पर्यंत अंतर १,८०० पावलांवर गेलं. राजाने हुकूम काढला. तो घोड्यांच्या आणि सवारांच्या अंगात मुरवणाऱ्यांत झायडलिट्स पहिला.

रिकिबीतला पाय

कॉलेजात एनसीसीच्या आर अँड व्ही (रीमाउंट अँड व्हेटर्नरी, म्हणजे घोड्यांच्या) स्क्वाड्रनमध्ये तीन वर्षं घोड्यावर होतो, म्हणून दोन शब्द. घोडा पळवायला काही लागत नाही. टाच मारा, शेजारचा पळाला की तुमचाही पळतो. आम्ही आठ जण एका रांगेत गुडघ्याला गुडघा लावून दुडकीवर जायचो तेव्हाच मधल्याच्या तोंडचं पाणी पळायचं, कारण दोन्हीकडून घोडे दाबतात आणि तुमचा पाय मधे. चौखूर सुटल्यावर तर विचारू नका. एकदा माझ्या घोडीने रांग सोडली ती थेट तबेल्यात जाऊनच थांबली, मोतद्दार दारात हसत उभा. आमचे उस्ताद महिनाभर रिकीब काढून बसवायचे. मांड्या सोलवटल्या की म्हणायचे, आता बसायला लागलास.

त्यामुळे ३८ स्क्वाड्रन एका हल्ल्यानंतर, रक्त चढलेलं असताना, समोर पळणारा शत्रू आणि लुटीचं सामान दिसत असताना थांबवणं आणि पुन्हा रांगेत लावणं... मला तर ते अशक्य वाटतं. त्या खोलगट जागेबद्दल धागाकर्त्याला माझं शंभर टक्के अनुमोदन.

शिळोप्याचा

पाय, हेच मला नेमकं लिहिता आलं नव्हतं. तुमच्या उस्तादांचं आणि झायडलिट्सचं जमलं असतं. तो रेजिमेंट एकत्र कवायतीला काढायच्या आधी एकेक सवार सुटा तयार करायचा : खड्डे, कुंपणं, उतार. स्वतःही तेच करून दाखवायचा. सरावात माणसं फार मान मोडून मरतात अशी राजाने तक्रार केली, तर याचं उत्तर : दोनचार मोडलेल्या मानांची महाराज एवढी काळजी करणार असतील, तर रणांगणावर लागतात तसले सवार मिळायचे नाहीत.

आता झोर्नडोर्फ. २५ ऑगस्ट १७५८. गाव आज पोलंडमध्ये आहे, सार्बिनोवो. रशियन फौज फेर्मोरच्या हाताखाली, ४३,००० च्या आसपास. फ्रेडरिककडे ३६,०००. रशियनांनी जवळचं क्युस्ट्रिन शहर तोफा डागून जाळलं होतं, त्यामुळे प्रशियन शिपाई आधीच खवळलेले. उन्हाळा, धूळ, धूर. झायडलिट्स डाव्या टोकाला, झाबेर्न नावाच्या दलदलीच्या घळीपलीकडे.

राजाचं डाव्या बाजूचं पायदळ पुढे गेलं, फाटलं आणि मागे यायला लागलं. राजाचा निरोप आला : हल्ला करा. झायडलिट्स हलला नाही. पुन्हा निरोप. नाही. शेवटी निरोप आला की जबाबदारी तुझ्या शिरावर, शीर जाईल. त्यावर तो म्हणाला, "महाराजांना सांगा, लढाईनंतर माझं शीर त्यांचंच आहे. तोवर ते त्यांच्याच कामी वापरू द्या."

तो रागावून किंवा घाबरून थांबला नव्हता. घळ ओलांडायला वाटा कुठे आहेत ते त्याने आधीच माणसं पाठवून बघून ठेवलं होतं. रशियन पायदळ पाठलाग करत रांगा सोडून पुढे येईपर्यंत घोडे चिखलात घालण्यात अर्थ नव्हता. ते आलं. मग ३६ स्क्वाड्रन तीन वाटांनी घळीतून वर आल्या आणि रशियन उजवी बाजू फुटली. फुटली, पण पळाली नाही. रशियन शिपाई तोफांना मिठी मारून जागेवर मेले. संध्याकाळपर्यंत संगिनी, तलवारी, बंदुकांचे दस्ते. प्रशियाची हानी १२,८०० च्या पुढे, रशियाची १८,००० च्या आसपास. जिंकलं कोण यावर अजून वाद आहे. राजाने मात्र झायडलिट्स नसता तर आपलं काही खरं नव्हतं, असं बोलून दाखवलं. आणि हा नम्रपणा नसलेला माणूस त्या वेळी म्हणाला की श्रेय गार्द द्यु कोरच्या, म्हणजे राजाच्या अंगरक्षक घोडदळाच्या, वाकेनिट्सला द्या.

पुराव्यानिशी

धागा रंगतदार, पण जरा थंड पाणी ओततो. 'माझं शीर लढाईनंतर', पवनचक्की, हवेतला पाइप... या सगळ्या सांगोवांगीच्या गोष्टी आहेत. त्याचं पहिलं चरित्र तो गेल्यावर चोवीस वर्षांनी आलं आणि एकोणिसाव्या शतकात प्रशियाला वीरांची गरज होती तशा त्या फुगत गेल्या. तुम्ही पुलाची गोष्ट वगळलीत हे बरं केलंत.

तिखटमीठ

पुलाची कोणती? आता सांगाच.

शिळोप्याचा

पुराव्यानिशींनीच काडी टाकलीय, त्यामुळे माझा नाइलाज. झायडलिट्सची बढाई अशी की घोडा जिवंत असताना घोडदळाच्या अधिकाऱ्याने कैद होणं हा गुन्हा. राजाने ऐकून ठेवलं. एकदा दोघे घोड्यावरून पुलावर आले तेव्हा राजाने दोन्ही टोकांचे अडसर टाकायला लावले आणि म्हणाला, "झालास की कैद!" याने टाच मारली, कठड्यावरून घोड्यासकट नदीत उडी घेतली, पोहत काठावर आला. राजाने त्याला बढती दिली, वगैरे.

तुमचा आक्षेप मान्य. पण गोष्टी बाजूला काढल्या तरी उरतं ते कमी नाही. बढत्यांच्या तारखा, स्क्वाड्रनांचे आकडे, रोसबाखचे दोन वेगवेगळे हल्ले, झोर्नडोर्फचा उशीर. झोर्नडोर्फला ब्रिटिश राजदूत मिचेल स्वतः हजर होता. राजाने त्याच्यासमोर झायडलिट्सकडे बोट दाखवून विजय याचा म्हटलं. आणि एक गंमत बघा. पोरवयातल्या गोष्टी सगळ्या उडी मारण्याच्या आहेत, मोठेपणीच्या सगळ्या थांबण्याच्या. लोकांनी रचल्या असतील तरी माणूस बदलला हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं.

पुराव्यानिशी

हे पटलं. 'झोर्नडोर्फचा उशीर' मात्र निव्वळ दलदल ओलांडायला लागलेला वेळही असू शकतो, एवढं नमूद करून गप्प बसतो.

कोरडवाहू

सगळे इतके खूष आहेत म्हणून विचारतो. सायलेशिया हा शेजाऱ्याच्या घरात शिरून बळकावलेला प्रांत. ऑस्ट्रियाच्या गादीवर नवी बाई बसली, मारिया तेरेझा, ती अडचणीत आहे हे बघून हा राजा डिसेंबरच्या थंडीत घुसला. त्यापायी तीन युद्धं. झोर्नडोर्फला एका दिवसात तीस हजार माणसं मेली किंवा जायबंदी झाली, आणि आपण पाइप कसा फेकला ते वाचतोय. 'दोनचार मोडलेल्या माना' हे वाक्य तर अंगावर आलं. त्या माना कोणाच्या? शेतकऱ्यांच्या पोरांच्या. प्रत्येक रेजिमेंटला भरतीचा इलाका नेमून दिलेला असायचा, तिथल्या पोरांची नावं लहानपणीच वहीत चढायची. झायडलिट्सला नाही म्हणायची सोय होती, त्यांना नव्हती.

शिळोप्याचा

कोरडवाहू, यातल्या एकाही वाक्याला माझा आक्षेप नाही. सायलेशिया ही दरोडेखोरीच होती आणि फ्रेडरिकने ती फारशी लपवलीही नाही. नाव कमवायची हाव होती हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मानांचं वाक्य मी कौतुकाने नाही टाकलं, पण टाकताना हात अडखळलाही नाही, हे खरं.

एवढंच म्हणेन की झोर्नडोर्फला राजाच्या पहिल्या निरोपावर तो निघाला असता तर त्या घळीत त्याच शेतकऱ्यांची पोरं फुकट मेली असती. हे त्याने दयेपोटी केलं असं मी म्हणत नाही. हत्यार वाया घालवायचं नाही, हा त्याचा हिशेब.

बखरबहाद्दर

आपल्याकडे याच काळात पानिपत! गोल की गनिमी कावा हा वाद, विंचूरकर-गायकवाडांनी गोल मोडून घोडी पुढे काढली वगैरे. झायडलिट्ससारखा एखादा भाऊसाहेबांकडे असता तर? आणि शिंद्यांच्या फौजेत जर्मन होते ना, त्यातला कोणी याच्या तालमीतला?

शिळोप्याचा

'असता तर'मध्ये मी शिरत नाही, त्या वाटेने गेलेले धागे हजार प्रतिसादांनंतरही परत आलेले नाहीत. ☺ शिंद्यांकडचा पोलमन, असईला १८०३ मध्ये पलटणी घेऊन उभा होता तो, हॅनोवरचा. प्रशियाचा नव्हे.

खरा धागा वेगळाच आहे. कोलीनची लढाई १८ जून १७५७, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी, २३ जूनला, प्लासी. एकाच युद्धाची दोन टोकं. फ्रान्स एकाच वेळी सुबीजला सॅक्सनीत पोसत होता आणि बुसी या दुसऱ्या सेनानीला हैदराबादेत. १७५८ मध्ये हिंदुस्थानातला फ्रेंच सेनापती लाली याने बुसीला दख्खनमधून माघारी बोलावलं. त्याच्या तालमीतला इब्राहिमखान गारदी पुढे निजामाकडून होत होत पेशव्यांकडे आला. पानिपतावरच्या गारद्यांचा माग काढत गेलात तर तो या युद्धाच्या कडेला जाऊन लागतो. झायडलिट्सपर्यंत मात्र पोचत नाही.

लाइपझिगची मावशी

उशिरा वाचलं. आम्ही मागच्या शरदात रोसबाखला जाऊन आलो, इथून तासाभराची गाडी. यजमानांना रणांगण बघायचं होतं, मला तळं. तिकडचा बराच भाग लिग्नाइटच्या उघड्या खाणींनी खाल्ला, आता खड्ड्यांत पाणी भरून मोठाली तळी झालीत, लोक सायकली घेऊन येतात. टेकडी म्हणाल तर हसू येईल. मी यजमानांना विचारलं, टेकडी कुठाय? ते म्हणाले, तू उभी आहेस तीच. आपल्या शेताचा बांध याहून उंच असेल! पण खाली उतरून मागे पाहिलं तर उभी केलेली आमची गाडी दिसेना. तेव्हा पटलं.

तिथे विजयस्तंभ उभारला होता तो नेपोलियनने १८०६ मध्ये, येनाच्या लढाईत प्रशियाला लोळवल्यावर, उचलून पॅरिसला धाडला. एकोणपन्नास वर्षं मनात ठेवलं म्हणायचं फ्रेंचांनी! आणि रोसबाखच्या जखमेसाठी झायडलिट्स आमच्या लाइपझिगातच पडून होता. म्हणून ५ डिसेंबरच्या लॉयथनच्या मोठ्या लढाईत तो नाही.

शिळोप्याचा

ताई, गाडी दिसेना हे भारी! माझ्या धाग्यातल्या अख्ख्या परिच्छेदाचं काम तुमच्या एका ओळीने केलं.

जखम भरायला वेळ लागला त्यालाही कारण होतं. त्याला उपदंश होता, बरीच वर्षं. साध्या जखमा चिघळायच्या. १२ ऑगस्ट १७५९ ला रशियन-ऑस्ट्रियन फौजेशी झालेल्या कुनेर्सडोर्फच्या लढाईत त्याच्या तलवारीच्या हातावर छर्रा बसला. तिथे सकाळचं यश पदरात घेऊन आता पुरे करा, असं सांगणाऱ्यांत तो होता म्हणतात. राजाने ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत १९,००० माणसं गमावली आणि फ्रेडरिकने मंत्र्याला 'सगळं संपलं' म्हणून पत्र लिहिलं. या खेपेला राजाने न थांबल्याची किंमत मोजली.

मग बर्लिनला दुखणं काढणं, त्यातच १७६० मध्ये हाके घराण्यातल्या सतरा वर्षांच्या मुलीशी लग्न. (नवरा एकोणचाळीसचा आणि आजारी. संसार मोडला. दोन मुली झाल्या. याहून जास्त चघळण्यासारखं त्यात काही नाही.) त्या ऑक्टोबरात रशियन आणि ऑस्ट्रियन बर्लिनवर चालून आले तेव्हा हा अंथरुणातून उठून वेशीवर उभा राहिला. शहर तरी पडलंच.

इंजिनरूम

जहाजवाला माणूस आहे, राहवत नाही. १९१२ मध्ये जर्मन आरमाराने एक बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका) पाण्यात सोडली, तिचं नाव 'झायडलिट्स'. जानेवारी १९१५ मध्ये उत्तर समुद्रात डॉगर बँकच्या लढाईत एकाच गोळ्याने मागचे दोन्ही तोफबुरूज आतून जळाले, १५९ माणसं गेली. त्यावरून शिकून त्यांनी दारू ठेवायची पद्धत बदलली. १९१६ मध्ये जटलंडच्या आरमारी लढाईत २१ मोठे गोळे आणि एक टॉर्पेडो खाऊन नाक पाण्याखाली गेलेलं असताना ती विल्हेल्म्सहाफेन या आपल्या बंदरात परतली. १९१९ मध्ये स्कॉटलंडजवळ स्कापा फ्लो इथे, ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, बाकीच्या जहाजांबरोबर तिच्याच खलाशांनी तिला बुडवली. नावाच्या माणसाची तब्येत बघता, फार मार खाऊन उशिरा मेलेलं जहाज हे बरोबरच आहे.

तिखटमीठ

आणि माणसाचा शेवट?

शिळोप्याचा

युद्धाची शेवटची मोठी लढाई फ्रायबेर्गची, २९ ऑक्टोबर १७६२, राजाच्या भावाच्या हाताखाली. तिथे झायडलिट्सने पायदळ हाताळलं आणि तेही उत्तम. घोड्याशिवाय याला काही येत नाही म्हणणाऱ्यांची बोलती बंद. पुढे सायलेशियातल्या घोडदळाचा तो इन्स्पेक्टर जनरल झाला, १७६७ मध्ये पूर्ण जनरल. ओलाऊला त्याच्याकडे शिकायला लोक यायचे. शेवटी अर्धांगाने हात-पाय गेले. १७७३ च्या उन्हाळ्यात राजा स्वतः भेटायला आला, बिछान्याजवळ बसून औषधं घे म्हणाला. नोव्हेंबरात तो गेला, बावन्नाव्या वर्षी. मिन्कोव्स्की या आपल्या इस्टेटीवर पुरला. ओलाऊ आणि मिन्कोव्स्की दोन्ही आज पोलंडमध्ये. म्हणजे ज्या सायलेशियासाठी हे सगळं झालं, तोच आता जर्मनीत नाही.

रिकिबीतला पाय

एकच राहिलं. पुतळ्यातला त्याचा घोडा कुठल्या चालीत आहे? माणूस कसा बसलाय?

शिळोप्याचा

अरे देवा. चार वर्षं रोज बघतोय आणि सांगता येत नाही! उद्या दोन स्टॉप आधी उतरतो आणि बघून येतो.

कोरडवाहू

काण्टकडेही बघून या, बिचारा शेपटीखाली आहे.